सहा जागा, तीन इलेक्ट्रॉन

मार्तंड भातोडीकर नगरच्या एका कॉलेजात पंधरा वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होते, आणि त्यातली अकरा वर्षं त्यांची पीएच.डी. चालू होती. विषय होता काचेतून वाहणारी वीज. व्हॅनेडियमची काळी काच ते प्रयोगशाळेतल्या भट्टीत स्वतः वितळवत, तिचे नखाएवढे तुकडे घासून घेत आणि तापमान वाढवत नेलं की त्यांचा विद्युतरोध कसा उतरतो ते वहीत मांडत. अशा एकोणीस वह्या झाल्या होत्या. पुण्याचे पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसऱ्यांनी आणखी थोडी निरीक्षणं घ्या म्हणून सांगितलं, आणि मार्तंड ती घेत राहिले. माणूस कमालीचा काटेकोर. त्यांच्या आकड्यांत कॉलेजातल्या कुणालाही कधी चूक सापडली नव्हती. पण ह्या आकड्यांवरून म्हणायचं काय, तिथे आले की त्यांचं पेन थांबायचं.

गोरक्ष गांगर्डे सत्तर साली त्यांच्या विभागात लागला. मिरजगावजवळच्या एका वाडीवरचा शेतकऱ्याचा मुलगा, पुण्याहून एम.एस्सी. पहिल्या वर्गात झालेला, वय चोवीस. शिकवण्याच्या भरात त्याच्या तोंडी ‘आहे’चं ‘हाय’ व्हायचं, पोरं हसायची, आणि तोही त्यांच्याबरोबर हसून पुढे जायचा. पहिली दोन वर्षं मार्तंडांनी त्याच्यावर माया केली. प्रयोगशाळेची जादा किल्ली दिली, पुण्याहून जमवलेले जर्नलांचे अंक वाचायला दिले. त्याच गठ्ठ्यात तो निबंध होता.

निबंध एका अमेरिकन शास्त्रज्ञाचा, चौदा वर्षांपूर्वीचा. स्फटिकात सगळ्या जागा सारख्या असल्या तर इलेक्ट्रॉन आरपार निघून जातो आणि वीज वाहते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण जागाच ओबडधोबड असल्या, एक उंच, एक सखल, तर इलेक्ट्रॉनची लाट प्रत्येक ठिकाणाहून थोडी थोडी मागे फिरते, त्या फिरलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात, आणि ओबडधोबडपणा एका हद्दीपलीकडे गेला की इलेक्ट्रॉन आहे तिथेच अडकून पडतो. वाट बंद नसते, तरी तो जात नाही. फक्त ह्या निबंधात इलेक्ट्रॉन एकटा धरला होता. खऱ्या पदार्थात ते असंख्य असतात आणि एकमेकांना ढकलत असतात. त्या ढकलाढकलीत अडकलेले सुटतात, की जास्तच अडकतात? सहासष्ट साली वाचताना मार्तंडांनी नेमक्या त्या जागी, समासात, पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. काढलं आणि पान उलटलं होतं.

बहात्तरची दिवाळीची सुट्टी संपली आणि गोरक्ष एक फुलस्केप कागद घेऊन त्यांच्या टेबलापाशी आला. कागदावर सहा जागांचं एक कडं काढलेलं होतं आणि त्यात तीन इलेक्ट्रॉन बसवले होते. सहा जागांवर तिघे बसायच्या मांडण्या वीस. एका मांडणीपासून सुरुवात करायची, वेळ थोडाथोडा पुढे सरकवायचा, आणि पहिल्या मांडणीतलं किती उरलं ते प्रत्येक पावलाला मोजायचं. इलेक्ट्रॉन अडकलेले असतील तर मांडणी टिकेल, सुटले तर पुसून जाईल. जागांचा उंचसखलपणा बदलून, ढकलण्याचा जोर बदलून, अशी चोवीस कोष्टकं करायची त्याने ठरवली होती.

मार्तंडांनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं नीट लागेनात. प्रश्न त्यांचा होता. त्यांच्या समासात तो सहा वर्षं पडून होता, आणि ह्या पोराने तो उचलून सरळ त्याचं गणित करून आणलं होतं.

“सहा जागांवरून काय सिद्ध होणार?” ते म्हणाले.

“काहीच नाही, सर. पण कुठं बघायचं ते तरी कळेल.”

त्याला विभागातलं गणकयंत्र हवं होतं. दांडा फिरवून गुणाकार-भागाकार करायचं ते एकुलतं एक यंत्र मार्तंडांच्या कपाटात, त्यांच्या जबाबदारीवर असे. त्यांनी सांगितलं की सध्या ते त्यांच्या निरीक्षणांसाठी लागतंय. तसं ते लागत नव्हतं. त्या आठवड्यात कपाट एकदाही उघडलं गेलं नाही.

पुढच्या रविवारी गोरक्ष सायकल हाणत भिंगारला त्यांच्या घरी आला. रविवारपुरतं तरी यंत्र मिळेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मार्तंड आत दाढी करत होते. त्यांची बायको इंदू ओसरीवर गल्लीतल्या मुलींची गणिताची शिकवणी संपवून फळा पुसत होती. ती लग्नाआधी गणित घेऊन बी.एस्सी. झाली होती. त्याला आता सतरा वर्षं झाली होती, शोभा नावाची मुलगी सातवीत होती, आणि इंदूची ती पदवी घरात कुणाच्या बोलण्यात यायची नाही. तिने गोरक्षला चहा दिला आणि हातातले कागद कसले म्हणून विचारलं. त्याने सांगितलं. मार्तंडांना आतून सगळं ऐकू येत होतं. त्यांना वाटलं, ती दोन मिनिटांत बरं बरं म्हणून उठेल.

ती उठली नाही. ओसरीवर एकेक कागद उलटल्याचा आवाज येत राहिला. मग इंदूचा आवाज आला.

“ह्यातलं अर्धं काम तुम्ही उगीच करताय. भरलेली जागा रिकामी समजा आणि रिकामी भरलेली. उंच तेवढं सखल करा. मग हे तेरावं कोष्टक म्हणजे पहिलंच झालं की नाही?”

गोरक्ष म्हणाला की ढकलण्याचं काय, शेजारी शेजारी बसलेल्या जोड्या तर बदलतील. इंदू म्हणाली, “मोजून बघा. कड्यात तीन भरलेल्या नि तीन रिकाम्या असल्या, की भरलेल्या शेजारजोड्या आणि रिकाम्या शेजारजोड्या सारख्याच निघतात.”

मार्तंड वस्तरा हातात धरून उभे होते. त्यांनीही मनातल्या मनात मोजलं. सारख्याच निघत होत्या. चोवीस कोष्टकांची बारा झाली होती, चहा गार व्हायच्या आत.

त्यांनी गालावरचा फेस पुसला, बाहेर आले आणि यंत्र उद्यापासून घरी आणतो म्हणाले. नाही म्हणायला आता काही तोंडच उरलं नव्हतं. विभागप्रमुखांचीही ना नव्हती.

तेव्हापासून दुपारी तीन ते पाच भिंगारच्या ओसरीवर यंत्राचा दांडा फिरू लागला. गोरक्षचे तास सकाळी असत. तो आकडे वाचायचा, इंदू दांडा फिरवायची आणि उत्तर सांगायची. एका कोष्टकाला चाळीस पावलं, एका पावलाला ऐंशी-नव्वद गुणाकार. चार वाजता कॉलेजातून परत आलेले मार्तंड चपला काढताना दोघांच्या डोक्यांवरून कागदाकडे बघत आणि आत जात. आत बसून वर्तमानपत्र वाचत. दुष्काळाच्या बातम्या असत, टँकरच्या, खडी फोडण्याच्या कामांच्या. एकही ओळ डोक्यात शिरत नसे.

शेजारच्या लंकाबाईंनी एकदा कुंपणावरून विषय काढला. तो पोरगा रोजच येतो वाटतं, असं काहीसं त्या हसत बोलल्या. मार्तंडांनी उडवून लावलं. पण पुढे कितीतरी दिवस त्यांच्या मनात येत राहिलं की तसं काही असतं तर बरं झालं असतं. तसल्या मत्सराला नाव तरी आहे, त्यावर भांडता येतं, पोराला घराबाहेर काढता येतं. इथे ती दोघं एकमेकांकडे बघतही नव्हती. दोघांची नजर कागदावर. त्यांना हेवा वाटत होता तो त्या बघण्याचा. इंदूने आपल्या एकोणीस वह्यांतल्या एकाही पानाकडे असं बघितलेलं त्यांना आठवत नव्हतं. आणि हेवा दोघांचाही वाटत होता, हे जास्त छळत होतं. त्याला सुचलं ते आपल्याला का सुचलं नाही, आणि तिला दिसलं ते आपल्याला का दिसलं नाही.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी इंदू शोभाला घेऊन हळदीकुंकवाला गेली होती. गोरक्ष वाडीला गेला होता. ओसरीवर पाटाखाली कागदांची चळत होती. मार्तंडांनी ती उचलली. चूक शोधायची म्हणूनच उचलली, हे त्यांनी पुढे स्वतःशी कधी नाकारलं नाही.

पाच कोष्टकं पुरी झाली होती. गुणाकार सगळे बरोबर. इंदूचं काम चोख होतं. मग त्यांनी मुळाकडे मोर्चा वळवला, जिथून सगळी कोष्टकं निघत होती त्या पहिल्या तक्त्याकडे. इलेक्ट्रॉनांचा एक नियम असतो. एकाने दुसऱ्याला ओलांडलं की आकड्याचं चिन्ह बदलतं, अधिकचं वजा होतं. कड्यात सहाव्या जागेवरून पहिल्या जागेवर उडी मारणारा इलेक्ट्रॉन यादीच्या शेवटून थेट सुरुवातीला येतो, म्हणजे उरलेल्या दोघांना ओलांडतो. दोनदा बदललं की चिन्ह मूळचंच राहतं. गोरक्षने ते एकदाच बदललं होतं. तशा सगळ्या उड्यांपुढे त्याने वजा मांडलं होतं.

पाचही कोष्टकं चुकीची होती. पुढची सातही तशीच होणार होती.

मार्तंडांनी चळत होती तशी पाटाखाली ठेवली. त्यांना हलकं वाटलं. कितीतरी आठवड्यांनी त्यांनी शोभाला स्वतःहून हाक मारून तिळगूळ दिला, तिच्याशी पत्ते खेळले. रात्रीच्या जेवणात त्यांनी दोनदा भात मागून घेतला. सांगू, सांगू, असं ते म्हणत राहिले. आधी उद्या सांगू म्हणाले, मग सहावं कोष्टक झाल्यावर. मग मार्चमध्ये पुण्याला परिसंवाद होता, तिथे गोरक्षला निबंध वाचायचं बोलावणं आलं, आणि त्याआधी विभागात एकदा वाचून दाखवायचं ठरलं. तेव्हा मार्तंडांनी मनाशी पक्कं केलं की सांगायचं ते तिथे, सगळ्यांसमोर.

मधे सहा आठवडे गेले. इंदूचा उजवा खांदा दांडा फिरवून फिरवून धरला. शोभाला शाळेत पाठवलं की ती खांद्यावर गरम फडकं ठेवून बसे. संध्याकाळी मार्तंड तिच्या खांद्याला तिळाचं तेल चोळून देत. ती म्हणायची, “एक गोष्ट कळत नाही. सगळ्या जागा सपाट धरल्या, ढकलणं काढून टाकलं, तर उत्तर कागदावर सहज निघतं. आमचं त्याच्याशी जुळत नाही. गोरक्ष म्हणतो, दशांशांचा दोष असेल.” मार्तंड तेल चोळत राहायचे आणि म्हणायचे, असेल.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी विभागातली सात-आठ माणसं जमली. गोरक्षने इंदूलाही आग्रहाने बोलावलं होतं. ती मागच्या बाकावर, इस्त्रीचं पातळ नेसून, वही मांडीवर घेऊन बसली होती. गोरक्ष चांगलं बोलला. सांगताना त्याने पहिल्यांदाच सांगितलं की निम्मं काम वाचलं ते इंदूवहिनींमुळे, आणि बारापैकी बारा कोष्टकं त्यांच्या हातची आहेत. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. मार्तंडांनीही बघितलं. इंदूचा चेहरा त्यांनी असा कधी पाहिला नव्हता, निदान त्यांच्यामुळे झालेला तरी नाही.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा ते उठले.

“सहाव्या जागेवरून पहिल्या जागेवर जाताना इलेक्ट्रॉन किती जणांना ओलांडतो?”

“दोघांना,” गोरक्ष म्हणाला.

“मग चिन्ह किती वेळा बदलायचं?”

गोरक्षने फळ्याकडे तोंड केलं. वर्गात कुणालाच काही कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं सगळ्यांना कळलं. मार्तंड उभेच होते. ह्या क्षणाची त्यांनी सहा आठवडे वाट पाहिली होती.

मग गोरक्षने त्या उडीपुढचं चिन्ह अधिक धरलं, बाजूला सपाट जागांचं छोटं गणित मांडलं आणि ते जुळलं. तो वळला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. “जुळलं, वहिनी,” तो म्हणाला. “दशांशांचा दोष नव्हता. सरांनी सोडवलं.” बारा कोष्टकं पाण्यात गेली होती, परिसंवाद तीन आठवड्यांवर होता, आणि हा माणूस खाली उतरून मार्तंडांच्या पाया पडायला वाकला. ते मागे सरकले. त्यांना त्या खोलीत उभं राहवेना.

घरी ती दोघं चालतच निघाली. मार्तंड सायकल हातात धरून चालले होते. छावणीची हद्द लागली तेव्हा इंदूने विचारलं, “कधी दिसलं तुम्हाला?”

“आज. तो बोलत असताना.”

“तक्ता त्याने फळ्यावर मांडला नव्हता. नुसती एक ओळ लिहिली होती. आणि मूळ कागद संक्रांतीनंतर घरात नाही. तो गोरक्षच्या खोलीवर असतो.”

मार्तंड थांबले. समोरून एक लष्करी ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसेपर्यंत दोघंही उभी राहिली. मग त्यांनी सांगितलं.

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, की तेल चोळताना तुम्हाला माहीत होतं का. ते हो म्हणाले. सोमवारपासून इंदू दुपारी यंत्र घेऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन बसू लागली. लंकाबाईंनी काय म्हणायचं ते म्हटलं. मार्तंडांच्या ओसरीवर दुपारी कुणीच नसे, आणि ते आत बसून वर्तमानपत्र वाचत.

पुण्याला गोरक्षने दोनच कोष्टकं नेली, दुरुस्त केलेली, आणि बाकीची चुकली होती हेही तिथे सांगून टाकलं. मुंबईच्या एका वयस्कर प्राध्यापकांनी त्याला काम पुरं करून निबंध पाठवायला सांगितलं. एप्रिलअखेर बाराही कोष्टकं नव्याने झाली. उत्तर असं आलं की उंचसखलपणा थोडा असेल तर इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलून सोडवतात आणि पहिली मांडणी पुसून जाते. तो फार असेल तर कितीही ढकललं तरी जागचे हलत नाहीत. मधे कुठेतरी हद्द असावी. सहा जागांवर ती अंधुकच दिसत होती.

मे महिन्यात गोरक्षने वाडीहून निबंधाचा मसुदा टपालाने पाठवला. वर तीन नावं होती. गोरक्ष गांगर्डे, इंदू भातोडीकर, मार्तंड भातोडीकर. सोबत चिठ्ठी होती, की चूक सापडली नसती तर सगळंच फसलं असतं, तेव्हा सरांनी नाही म्हणू नये. इंदूने चिठ्ठी वाचली, त्यांच्यासमोर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. तिने त्याला काही सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हती. नाव तसंच राहू दिलं असतं तर ते राहिलं असतं. अकरा वर्षांत छापून येणारं ते त्यांचं पहिलं नाव असतं.

दोन दिवस त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते मिरजगावमार्गे कर्जतला जाणाऱ्या एस.टी.त बसले.

वाडीवर पोचले तेव्हा गोरक्ष आईची भाकरी घेऊन पाझर तलावाच्या कामावर गेला होता. मार्तंड विचारत विचारत तिकडे गेले. उन्हात शे-दीडशे माणसं खडी फोडत होती. गोरक्षची आई गोजरबाई दगडांच्या ढिगापाशी बसली होती. मुलाचा पगार सुरू होता, तो नको नको म्हणत होता, पण सारी वाडी कामावर असताना घरात बसून काय करू, असं तिचं म्हणणं. मार्तंडांचं नाव कळल्यावर तिने हातोडी खाली ठेवली, पदराने हात पुसले आणि आपल्या कळशीतलं पाणी तांब्यात ओतून त्यांच्यापुढे धरलं. टँकर दोन दिवसांतून एकदा येत होता.

“त्यो लई सांगतो तुमचं,” ती म्हणाली. “म्हंतो, सरांनी चूक दावली नसती तर माजं हसं झालं असतं.”

मार्तंड पाणी प्यायले. नको म्हणणं बरं दिसलं नसतं. मग ते गोरक्षला घेऊन थोडं लांब, एका बाभळीच्या सावलीत गेले, मसुदा काढून त्याच्या हातात दिला. स्वतःच्या नावावर त्यांनी एस.टी.तच काट मारली होती.

“मला ती चूक संक्रांतीला दिसली होती,” ते म्हणाले. “मी मुद्दाम सांगितली नाही. तुझं हसं व्हावं म्हणून थांबलो होतो.”

गोरक्षला आधी नीट उमगलं नाही. मग तो मनात हिशेब करू लागला.

“म्हणजे शेवटची सात कोष्टकं,” तो म्हणाला. “वहिनींचा खांदा तेव्हाच धरला.”

“हो.”

“वहिनींना माहीत आहे?”

“तू विभागात वाचलंस त्या दिवसापासून.”

त्याने रागाने काही बोलावं असं मार्तंडांना वाटत होतं. त्यांनी येताना त्याची तयारीही केली होती. पण गोरक्ष रागावला नाही, आणि असू द्या असंही म्हणाला नाही. त्याने मसुद्याची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. तो परत पाया पडला नाही. आईने सरांना फाट्यापर्यंत सोडून ये म्हणून सांगितलं, म्हणून तो सोबत आला. दोन मैल दोघे चालले. एस.टी. येताना दिसली तेव्हा गोरक्ष म्हणाला, “प्रश्न तुमचाच होता, सर. समासातलं चिन्ह मी बघितलं होतं. मी ते आधीच सांगायला पाहिजे होतं.” तेवढं बोलून तो मागे वळला.

मार्तंड घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. इंदू ओसरीवर होती. तिच्यासमोर कागद होते. कोष्टकं पुरी झाली होती, तरी ती आठ जागांचं कडं मांडून बघत होती. आठ जागा, चौघे, मांडण्या सत्तर. मार्तंडांनी चपला काढल्या आणि सांगितलं की वाडीला जाऊन आलो, गोरक्षला सगळं सांगितलं, नाव काढलं.

“बरं केलंत,” ती म्हणाली. तिने मान वर केली नव्हती.

ते तिथेच पायरीवर बसले. तिच्या कागदावर ओळी वेगाने उतरत होत्या, मधे एखादी ती खोडत होती, ओठ हलत होते. त्यांना तिचा हेवा वाटला, अगदी पहिल्या रविवारी वाटला होता तेवढाच. तो कमी होईल असं वाडीहून येताना त्यांना उगीच वाटलं होतं.

“ह्यात मला काही करता येईल?” त्यांनी विचारलं.

इंदूने हातातली ओळ पुरी केली. मग सत्तरपैकी शेवटच्या दहा मांडण्यांचा कागद काढून तिने त्यांच्याकडे सरकवला, आणि म्हणाली की केलंत तर नीट करा, आणि कुठे काही दिसलं तर लगेच सांगा.